जपानी माणसांचे ऋण : संत फ्रान्सिस झेवियर यांची पत्रे वाचताना

संत फ्रान्सिस झेवियर आपल्याकडे पाहिले जातात, वाचले जात नाहीत. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन भाविकांना खुले होते. वसईतून आणि मुंबईतून बसगाड्या भरभरून गेल्या, लोक तासन् तास रांगेत उभे राहिले आणि काचेआडच्या त्या देहापुढे क्षणभर हात जोडून परतले. त्या भक्तीविषयी मला आदरच आहे. पण ज्या हाताने हजारोंना स्नानसंस्कार दिला, त्याच हाताने दहा वर्षे सतत पत्रे लिहिली, याची जाण त्या रांगेत किती जणांना असेल? पत्रे आणि सूचनापत्रे मिळून सव्वाशेहून अधिक लेखन आज उपलब्ध आहे. येशूसंघीय संशोधक गेऑर्ग शुरहामर आणि योझेफ विकी यांनी १९४४-४५ साली रोममधून त्याची चिकित्सक आवृत्ती दोन खंडांत सिद्ध केली आणि १९९२ साली कॉस्टेलो यांचा संपूर्ण इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. म्हणजे हे लेखन आता पंडितांच्या कपाटात बंद राहिलेले नाही.

ही पत्रे मी या लेखात एका विशिष्ट अंगाने वाचू इच्छितो. मिशनयात्रेला निघालेला मनुष्य श्रद्धा द्यायला जातो, असे आपण धरून चालतो. त्या यात्रेत त्याच्या स्वतःच्या श्रद्धेचे काय होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. झेवियर यांनी त्याचे उत्तर दिले आहे, मात्र ते ज्या पत्रात आहे ते पत्र क्वचितच कोणी वाचतो. आपण वाचतो आणि व्यासपीठावरून सांगतो, ते दुसरेच पत्र.

ते दुसरे पत्र १५ जानेवारी १५४४ रोजी कोचीहून रोममधील सहकाऱ्यांना लिहिलेले आहे. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तामिळनाडूच्या मोती काढणाऱ्या किनाऱ्यावर गेले. तेथील परवर समाजाने काही वर्षे आधीच, प्रतिस्पर्ध्यांपासून पोर्तुगीजांचे संरक्षण मिळावे म्हणून, सामुदायिक स्नानसंस्कार घेतला होता. पण त्यांना शिकवायला कोणी नव्हते. झेवियर गावोगाव फिरले. स्नानसंस्कार देऊन देऊन हात दुखून जातात, प्रार्थना म्हणवून घेता घेता आवाज बसतो, असे त्यांनी या पत्रात लिहिले आहे. युरोपातील विद्यापीठांत, विशेषतः पॅरिसच्या विद्यापीठात जाऊन वेड्यासारखे ओरडावे आणि विद्येच्या अभिमानात गुंग झालेल्या पंडितांना जागे करावे, ही त्यांची प्रसिद्ध इच्छाही याच पत्रात आहे. १५४५ साली हे पत्र पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत छापले गेले. त्याने कित्येक तरुण पेटून उठले असतील. सेमिनरीच्या भोजनगृहात झेवियर यांचे चरित्र मोठ्याने वाचले जाई, तेव्हा या प्रसंगाशी आल्यावर आम्हा मुलांच्या हातातले चमचे थांबत, हे मला चांगले आठवते.

पत्र थोरच आहे. परंतु समीक्षेच्या दृष्टीने पाहता त्यात एक मोठी पोकळी आहे. एवढ्या लांबलचक पत्रात परवर माणूस बोलतच नाही. तो शिकतो, पाठ म्हणतो, गुडघे टेकतो, त्याची मुले घरोघरच्या मूर्ती फोडतात (आणि लेखकाला त्याचा आनंद वाटतो). पण तो एकही प्रश्न विचारत नाही. कारण पत्राच्या आरंभीच सांगितले आहे: या लोकांची भाषा वेगळी, माझी मातृभाषा बास्क, ते मला समजत नाहीत आणि मी त्यांना समजत नाही. दुभाषांकडून प्रार्थनांचे भाषांतर करून घ्यायचे, ते पाठ करायचे आणि म्हणवून घ्यायचे, अशी ती पद्धत होती. ज्याची भाषा येत नाही त्याचे प्रश्नही कानी पडत नाहीत. आणि ज्याला कोणी प्रश्न विचारत नाही, त्याचा आत्मविश्वास फार मोठा असतो.

अपवाद एकच. या पत्रात ब्राह्मणांविषयी अत्यंत कठोर शब्द आहेत. आज ते वाचताना संकोच वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे. पण त्याच पानांवर एक विद्वान ब्राह्मण येतो. तो विश्वासात घेऊन सांगतो की, आमच्या विद्येचे रहस्य म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणारा देव एकच आहे. तो एक मंत्र उच्चारतो आणि झेवियर तो आपल्या कानाला जसा लागला तसा रोमन अक्षरांत उतरवून घेतात. तो मंत्र ‘ॐ श्री नारायणाय नमः’ याच वळणाचा आहे, हे आपल्याकडील कोणीही वाचक ओळखेल. झेवियर त्याचा अर्थही देतात: देवा, तुझ्या कृपेने व साहाय्याने मी तुझी सदैव आराधना करतो. एका येशूसंघीयाच्या पत्रातून हा नारायण १५४४ साली रोमला पोहोचला! संपूर्ण पत्रात समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येते ते एवढ्याच जागी, आणि तेवढ्याच जागी लेखकाचा सूरही खाली येतो. पुढे पुन्हा उपदेश सुरू होतो.

याच काळात झेवियर यांनी आपले सहकारी फ्रान्सिस्को मान्सिल्हास यांना पुष्कळ छोट्या चिठ्ठ्या लिहिल्या. त्या छापण्यासाठी नव्हत्या, म्हणून माझ्या मते त्या अधिक मोलाच्या आहेत. एका चिठ्ठीत ते तामिळ धर्ममतांगीकारातील एक चूक दुरुस्त करायला सांगतात. ‘मी विश्वास ठेवतो’ या ठिकाणी भाषांतरात ‘वेणुम्’ हा शब्द पडला होता. त्याचा अर्थ ‘मला हवे’. त्याऐवजी ‘विश्वासम्’ म्हणा, असे ते कळवतात. म्हणजे कित्येक महिने त्या किनाऱ्यावरची माणसे ‘मी परमेश्वरावर विश्वास ठेवतो’ असे म्हणण्याऐवजी ‘मला परमेश्वर हवा’ असे म्हणत होती. व्याकरणाने ती चूक होती. पण कोळणीने मासळीची पाटी उतरवून देवळाच्या दारात ‘मला देव हवा’ म्हणावे, यात धर्ममतांगीकाराचे काय मोठे नुकसान झाले, असे क्षणभर मनात आल्यावाचून राहत नाही. असो. झेवियर यांनी दुरुस्ती केली ते योग्यच केले.

चिठ्ठ्यांतील सर्वांत हृदयद्रावक भाग १५४४ च्या जूनमधला आहे. उत्तरेकडून आलेल्या घोडेस्वारांनी कन्याकुमारीजवळची गावे लुटली, काही जणांना पकडून नेले आणि उरलेली माणसे समुद्रातील खडकांवर जाऊन बसली. तेथे ना अन्न ना पाणी. झेवियर वीस होड्या घेऊन मणप्पाडहून निघाले. वारा उलटा होता, होड्या पुढे सरकेनात, शेवटी ते किनाऱ्याने पायी गेले. वाटेत भेटलेल्या लोकांचे वर्णन त्यांनी चार-सहा ओळींत केले आहे: कोणाकडे खायला नाही, कोणाला नेसायला नाही, म्हातारी माणसे चालू शकत नाहीत, काही मरून पडलेली, बायका वाटेतच बाळंत झालेल्या. येथे पंडितांवर ओरडणे नाही, आकडे नाहीत, नरकाचे भय नाही. श्रीमंत गावांनी या लोकांसाठी काही द्यावे, पण गरिबांवर सक्ती करू नये, एवढीच सूचना. मान्सिल्हास यांचा स्वभाव तापट असावा, कारण जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीत ‘या लोकांशी बापाने वाईट मुलांशी वागावे तसे धीराने वाग’ असा आर्जव आहे. ‘वाईट मुले’ हा शब्द आज टोचतो, पण त्यामागचा बाप खरा आहे.

१५४५ आणि १५४६ च्या पत्रांवरून मी भराभर जातो, मात्र दोन गोष्टी सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. जानेवारी १५४५ मध्ये त्यांनी पोर्तुगालमधील सिमांव रॉड्रिग्ज यांना लिहिले की, आपल्या कोणाही मित्राला सरकारी हुद्दा घेऊन हिंदुस्थानात येऊ देऊ नका. येथे ‘लुटणे’ या एकाच क्रियापदाची सर्व काळांत आणि सर्व अर्थांत रूपे चालवली जातात. आपल्याच राजाच्या अधिकाऱ्यांविषयी असे लिहायला धैर्य लागते. दुसरी गोष्ट क्लेशदायक आहे. १६ मे १५४६ रोजी त्यांनी आंबोन बेटावरून पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून हिंदुस्थानात इन्क्विझिशन स्थापण्याची विनंती केली. गोव्यात ते न्यायासन १५६० साली आले, झेवियर यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. तरीही मागणीवर त्यांची सही आहे. संताच्या चरित्रातून हे पान कापून काढणारे भक्त आणि केवळ हेच पान फडकवणारे विरोधक, दोघांनीही ही पत्रे पुरती वाचलेली नसतात. दोन वर्षांनी, १५४८ साली, गव्हर्नर जुआंव द कास्त्रो यांना भेटण्यासाठी ते आपल्या वसईला आले, तेव्हा ते अद्याप हेच झेवियर होते: राजसत्तेच्या आधारावर भिस्त ठेवणारे, घाईत असलेले, स्वतःविषयी निःशंक.

परंतु बदलाची नांदी त्याआधीच झाली होती. डिसेंबर १५४७ मध्ये मलाक्का येथे त्यांना अंजिरो नावाचा एक जपानी गृहस्थ भेटला. त्याच्या हातून खून झाला होता, मनाला शांती नव्हती, आणि तो स्वतःहून धर्मगुरूच्या शोधात आला होता. झेवियर यांनी त्याला विचारले, ‘मी तुमच्या देशात आलो तर लोक ख्रिस्ती होतील का?’ अंजिरोचे उत्तर त्यांनी २० जानेवारी १५४८ च्या पत्रात नोंदवले आहे. त्याचा आशय असा: लगेच होणार नाहीत. आधी ते तुम्हांला पुष्कळ प्रश्न विचारतील, तुम्ही काय उत्तर देता ते पाहतील, आणि मुख्य म्हणजे तुमचे वागणे तुमच्या बोलण्याशी जुळते की नाही ते पाहतील. सहा महिने पारख करतील आणि मग ठरवतील.

दहा हजार माणसांना एका महिन्यात स्नानसंस्कार दिल्याचे त्रावणकोरच्या किनाऱ्यावरून कळवणाऱ्या धर्मगुरूला हे उत्तर मिळाले. त्याने राग धरला नाही. त्याने जपानला जायचे ठरवले. माझ्या दृष्टीने झेवियर यांच्या जीवनातील हा खरा वळणबिंदू आहे. तुमची परीक्षा घेतली जाईल, असे सांगणाऱ्या देशाकडे ते आपण होऊन निघाले.

२४ जून १५४९ रोजी ते मलाक्काहून एका चिनी नावाड्याच्या जहाजातून निघाले आणि १५ ऑगस्टला, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, कागोशिमा येथे उतरले. या प्रवासाची हकीकत ५ नोव्हेंबर १५४९ च्या प्रदीर्घ पत्रात आहे. जहाजावर नावाड्याची मूर्ती होती आणि खलाशी तिच्यापुढे चिठ्ठ्या टाकून कौल घेत. वादळात मानुएल नावाचा त्यांचा चिनी सोबती जहाजाच्या तळाशी पडून जखमी झाला. त्याच दिवशी नावाड्याची मुलगी समुद्रात पडली आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत बुडाली. रात्रभर विलाप चालला. मूर्तीला विचारले गेले आणि कौल आला: मानुएल मेला असता तर मुलगी वाचली असती. परक्यांच्या जहाजावर, परक्यांच्या दुःखात, आपला जीव एका चिठ्ठीवर टांगलेला आहे, हे झेवियर यांना उमगले. तेथे त्यांनी जे लिहिले ते भूताखेतांचे वर्णन नाही. ते स्वतःच्या भीतीचे निरीक्षण आहे. भीती कशी येते, आपल्या बळावर ती कशी हटत नाही, आणि स्वतःवरचा भरवसा सुटतो तेव्हाच परमेश्वरावरचा भरवसा कसा खरा होतो, हे त्यांनी पानेच्या पाने लिहिले आहे. गोवा आणि कोइंब्रा येथील तरुण बंधूंना ते बजावतात की, मठाच्या सुरक्षित भिंतींत ध्यानाच्या वेळी जो आवेश वाटतो त्यावर भुलू नका. संकटाच्या जागी तो किती टिकतो ते तेथेच कळते.

याच पत्रात एक वाक्य असे आहे की त्याचा आशय मला फार मोठा वाटतो. येथे आम्ही पुतळ्यांसारखे उभे आहोत, ते म्हणतात. लोक आमच्याविषयी आपसांत खूप काही बोलतात आणि आम्ही, भाषा येत नसल्यामुळे, गप्प राहतो. आता लहान मुलांसारखे होऊन भाषा शिकली पाहिजे. १५४४ साली परिस्थिती हीच होती, भाषा तेव्हाही येत नव्हती. मात्र तेव्हा गप्प होते ते लोक. आता गप्प आहे तो मिशनरी. दृष्टी कशी फिरली आहे, पाहा. त्याच गावी निन्जित्सू नावाचे ऐंशी वर्षांचे बौद्ध मठाधिपती होते. आत्मा अमर आहे की देहाबरोबर नाश पावतो, याविषयी ते कधी हो म्हणत, कधी नाही. पाच वर्षांपूर्वीच्या झेवियर यांनी अशा माणसाचे काय वर्णन केले असते ते आपण जाणतो. आता ते लिहितात: हे माझे इतके स्नेही आहेत की आश्चर्य वाटावे.

जपानात ते सव्वादोन वर्षे राहिले. कागोशिमात वर्षभरात शंभरएक माणसे ख्रिस्ती झाली. राजधानी मियाको येथे ते हिवाळ्यात बर्फातून चालत गेले. सम्राटाची भेट झाली नाही आणि अकरा दिवसांत ते परतले. रस्त्यात पोरांनी टिंगल केली. यामागुची येथे घरी दिवसभर प्रश्न विचारणाऱ्यांची रीघ लागे. देव चांगला आहे तर त्याने दुष्ट आत्मे का निर्माण केले? तो दयाळू आहे तर नरकातून सुटका का नाही? आणि तुमचा धर्म एवढा सत्य असेल, तर देवाने तो आम्हांला इतक्या उशिरा का कळवला? शेवटच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर सुंदर आहे. चीनमधून धर्ममते येण्याआधीही तुम्हांला ठाऊक होते की खून करणे, चोरी करणे वाईट आहे. ते तुम्हांला कोणी शिकवले? रानात एकट्याने वाढलेल्या माणसालाही ते कळते. म्हणजे देव तुमच्याकडे आधीच आलेला होता. किनाऱ्यावरच्या मूर्ती फोडण्याचा आनंद सांगणाऱ्या लेखणीतून हे उतरले आहे.

देवाला कोणते नाव द्यावे, हाही प्रश्न होताच. अंजिरोच्या सांगण्यावरून ते प्रथम ‘दाइनिची’ हा शब्द वापरीत. त्यामुळे शिंगोन पंथाचे भिक्षू प्रसन्न झाले. हे तर आपलेच सांगतात, असे त्यांना वाटले. अधिक चौकशीअंती शब्दाचा खरा अर्थ ध्यानात आला, तेव्हा झेवियर यांनी तो सोडला आणि लॅटिन ‘देउस’ हाच शब्द जपानी उच्चारात घेतला. लुईश फ्रोइश यांच्या जपानच्या इतिहासात ही हकीकत आहे.

आणि मग पितरांचा प्रश्न. २९ जानेवारी १५५२ रोजी कोचीहून युरोपातील सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात तो आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसांनी विचारले, आमचे आईवडील, बायका, मुले जी आधी मेली, त्यांना आमच्या प्रार्थनेने सोडवता येईल का? झेवियर यांनी त्या काळच्या समजुतीप्रमाणे उत्तर दिले: नाही. ती माणसे रडू लागली. मृतांचा विषय निघाला की त्यांना अश्रू आवरत नसत. आणि येथे झेवियर लिहितात की, माझ्या या जिवलग मित्रांना ज्याला उपाय नाही अशा गोष्टीसाठी रडताना पाहून मलाही वेदना होते.

धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थांबावे लागते. आज या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभा वेगळे देते. ज्यांना स्वतःचा दोष नसता सुवार्ता कळली नाही, पण जे प्रामाणिक अंतःकरणाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे जगतात, त्यांनाही तारण प्राप्त होऊ शकते, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या घटनापत्रकात सांगितले. झेवियर यांच्यापाशी ते उत्तर नव्हते. चारशे वर्षे आधीच्या माणसाला त्यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यांच्यापाशी ती वेदना होती, आणि ती त्यांनी झाकली नाही, हे महत्त्वाचे. उत्तर पाठ होते. उत्तर देणाऱ्याचे मन मात्र त्या उत्तराशी सुखाने नांदत नव्हते. धर्मशास्त्र पुष्कळदा अशाच वेदनेतून पुढे सरकते, परिषदा नंतर भरतात.

त्याच दिवशी, त्याच गावाहून, त्यांनी इग्नेशियस लोयोला यांना वेगळे पत्र लिहिले. या लेखाचे शीर्षक त्या पत्रातून सुचले आहे. ते लिहितात की, जपानच्या लोकांचे माझ्यावर किती ऋण आहे ते मला लिहून सांगता येणार नाही, कारण त्यांच्या निमित्ताने परमेश्वराने मला माझ्या अंतरंगातील दुष्टतेचे ज्ञान दिले. तोवर मी माझ्या बाहेरच वावरत होतो. जपानच्या कष्टांत आणि संकटांत स्वतःला पाहीपर्यंत माझ्यात किती दोष आहेत हे मला ठाऊकच नव्हते.

हे कोणी लिहिले आहे याचा विचार करावा. दहा वर्षांत हजारोंना स्नानसंस्कार देणारा, ज्याच्या पत्रांनी युरोप हलला होता असा, डोके पांढरे झालेला हा मनुष्य. त्याच्या हाताने ख्रिस्ती झालेले जपानी त्याचे ऋणी आहेत, असे तो म्हणत नाही. उलट हिशेब मांडतो. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी सुवार्ता प्रसाराविषयीच्या आपल्या पत्रात म्हटले आहे की, सुवार्ता सांगणाऱ्या ख्रिस्तसभेला आधी स्वतः सुवार्ता ऐकावी लागते. आम्ही त्या वेळी ते नवीन विचार म्हणून वाचले. झेवियर ते सव्वाचारशे वर्षे आधी जगून, लिहून गेले होते.

मग एक प्रश्न उरतो आणि भारतीय वाचकाने तो विचारलाच पाहिजे. हे ऋण जपानचेच का? परवरांचे का नाही? झेवियर यांनी जपानी लोकांची मनसोक्त स्तुती केली आणि १५४९ च्या जानेवारीत इग्नेशियस यांनाच लिहिताना हिंदुस्थानच्या लोकांविषयी फार हलके उद्गार काढले. मला याचे कारण माणसांत दिसत नाही, ऐकण्यात दिसते. जपानी विचारत होते आणि ते समजून घेण्यासाठी झेवियर थांबले. परवर तामिळमध्ये काय विचारत होते ते त्यांना कळले नाही. त्यांच्यामागून आलेले हेन्रिक हेन्रिक्स तेथे राहिले, तामिळ शिकले, व्याकरण रचले, आणि १५७८ साली कोल्लम येथे त्यांची ‘तंबिरान वणक्कम्’ ही तामिळ पुस्तिका छापली गेली. पुढे १६५८ साली डच लोकांनी तुतुकुडी घेतली आणि परवरांना आपल्या पंथात ओढण्याचा प्रयत्न केला. परवर कॅथलिक राहिले. झेवियर यांना ज्यांच्यात फारसा दम वाटला नव्हता त्यांनी सत्तेच्या विरोधात श्रद्धा टिकवली. आपल्या मराठीतही मिशनवाङ्मयाचा आरंभ ऐकण्यातूनच झाला आहे: १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’त श्रोते प्रश्न करतात आणि पाद्रीगुरू उत्तरे देतो.

मिशन रविवारच्या सुमारास आपल्या नियतकालिकांत आणि धर्मग्रामाच्या पत्रकांत ‘मिशन अनुभव’ येतात. तलासरीकडे, डांगकडे आठ-दहा दिवस जाऊन आलेली आपली तरुण मुले ते लिहितात. त्यांचा उत्साह खरा असतो, आणि सुट्टीचे दिवस देऊन ती जातात हे काही थोडे नाही. पण हे लेख १५४४ च्या पत्राची नक्कल असतात, तीही त्या पत्रातील आग वगळून. किती कपडे वाटले, किती मुलांना औषध दिले, लोक किती गरीब आणि तरी किती हसतमुख, आपल्याला देवाने किती दिले आहे याची जाणीव झाली, समाप्त. त्या पाड्यावरच्या म्हातारीने काय विचारले? तिचे नाव काय? आपल्या कोणत्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही? हे कोठेच नसते. आपल्याला खूप दिले आहे याची जाणीव होणे म्हणजे श्रद्धेचा धडा नव्हे. बरे झाले आपण त्यांच्यासारखे नाही, हीच भावना तेथे कृतज्ञतेचे वस्त्र पांघरून येते, आणि मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परुश्याची आठवण होते. लेख संपादकांनी परत पाठवावेत असे मी म्हणत नाही. लेखकाला एवढे विचारावे: तुला तेथे कोणी निरुत्तर केले का?

कोणी असेही समजू नये की जपानने झेवियर यांना मवाळ केले. १५५२ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून निघताना आणि पुढे मलाक्काहून त्यांनी जी पत्रे आपल्या माणसांना लिहिली, ती अतिशय कडक आहेत. आज्ञा मोडणाऱ्याला संघातून काढा, असे ते स्पष्ट लिहितात. मलाक्काच्या ज्या कप्तानाने त्यांची चीनकडे जाणारी वकिलात अडवली त्याला बहिष्काराची शिक्षा व्हावी, असा आग्रह ते धरतात. काही पत्रांत थकवा आहे, चीड आहे. स्वतःचे दोष दिसू लागल्याने दुसऱ्याचे दिसेनासे होतात असे नाही. संतांच्याही बाबतीत नाही. चरित्रकार ही पत्रे घाईने उलटतात. मला ती आवश्यक वाटतात, कारण त्यांच्यामुळे इग्नेशियस यांना लिहिलेली कबुली केवळ नम्रतेचा शिष्टाचार नव्हती हे पटते. जो इतरांशी गोड बोलत नाही, तो स्वतःविषयीही उगाच गोड किंवा कडू बोलत नसावा.

चीनच्या किनाऱ्यासमोरील सान्शियन बेटावरून त्यांनी लिहिलेली अखेरची पत्रे अगदी व्यवहारी आहेत. परदेशी माणसाला चीनमध्ये प्रवेश नव्हता. एक चिनी व्यापारी दोनशे क्रुझादोंच्या मोबदल्यात त्यांना रात्री गुपचूप कँटनच्या वेशीपाशी सोडायला तयार झाला होता. २२ ऑक्टोबर १५५२ च्या पत्रात झेवियर धोक्यांची मोजदाद करतात. व्यापारी पैसे घेऊन आपल्याला समुद्रात फेकून देईल किंवा एखाद्या ओसाड बेटावर सोडील, हा पहिला. कँटनचा अधिकारी छळ करील किंवा तुरुंगात टाकील, हा दुसरा. यांहून मोठा धोका मात्र आणखी एक आहे, असे ते लिहितात: परमेश्वराच्या दयेवरील आपला भरवसा सुटणे. जहाजावरच्या त्या रात्रीपासून हा विचार त्यांच्याबरोबर होता. फक्त आता तो पानभर पसरत नाही, एका वाक्यात मावतो.

व्यापारी आलाच नाही. १३ नोव्हेंबरनंतर पत्र नाही. पुढच्या दिवसांची माहिती आपल्याला अंतोनियो या चिनी तरुणाच्या निवेदनातून मिळते. तो गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकला होता आणि इतकी वर्षे परदेशी राहिल्याने स्वतःची भाषा विसरून बसला होता. तो सांगतो की, ज्वराच्या भरात फादर मोठमोठ्याने प्रार्थना करीत होते. त्यातले काही शब्द त्याला ओळखू आले आणि काही त्याला कळत नव्हत्या अशा भाषेत होते. ३ डिसेंबर १५५२ च्या पहाटे त्याने त्यांच्या हातात मेणबत्ती धरवली.